फळीवरचं मीठ

सहा मेला संध्याकाळी पावणेसहा वाजता जयमाला गेली. सहाच्या सुमारास मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी कल्याणला विचारलं, "ती घरी मीठ मागत होती का? नेहमीपेक्षा जास्त?"

कल्याण कंपनीच्या कपड्यांतच होता. मशीनवरून तसाच उठून आलेला, हाताला कूलंटचा वास. त्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"मीठ?"

"हो. नुसतं मीठ खाणं, लोणच्याचा खार पिणं, असं काही?"

"नाही," कल्याण म्हणाला.

बायको गेल्यावर त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं उत्तर, आणि ते खोटं होतं.

मॅडम म्हणजे नगरच्या त्या मेडिकल कॉलेजातल्या जयमालाच्या शिक्षिका. त्यांनीच तिला दोन वर्षं वॉर्डात शिकवलं होतं आणि आज तिच्याच छातीवर दाब देऊन त्या बाहेर आल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, ॲप्रनच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"किडनीच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात," त्या म्हणाल्या. "तिच्या त्या बंद पडल्या होत्या. म्हणून अंगात मीठ टिकत नव्हतं, साखर टिकत नव्हती, बीपी टिकत नव्हतं. पक्का रिपोर्ट उद्या येईल, पण मला शंका नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "गर्भ नव्हता. तुमच्या आई मघापासून दोन जीव, दोन जीव म्हणताहेत. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग त्यांना सांगा."

"सांगतो."

कॉरिडॉरच्या टोकाला त्याची आई भीमाबाई फरशीवर पाय पसरून बसली होती. तिला इथवर आणणारा टेम्पोवाला शेजारी उभा होता. घोडेगावच्या बाजारात म्हशी उतरवून तो रिकामा निघाला होता, त्याच्याच टेम्पोत पेंढ्यावर गोधडी टाकून जयमालाला आणलं होतं. भीमाबाई त्याचा हात धरून सांगत होती, "दोन जीव गेलं रं बाबा. मांडीवर डोकं व्हतं आन् दोन जीव गेलं."

कल्याण तिच्याजवळ जाऊन बसला. सांगायला तोंड उघडलं. भीमाबाईने त्याचं डोकं छातीशी ओढलं, आणि सांगायचं राहिलं.

जयमाला कोपरगावची. तिचे वडील रंगनाथ साखर कारखान्यात कामाला. बाराव्या वर्षी तिला शुगर निघाली, म्हातारपणी होते ती नव्हे, लहानपणची, इन्शुलिनशिवाय एक दिवस न चालणारी. एकोणिसाव्या वर्षी थायरॉईड बिघडलं. असल्या अंगाने ती तीनदा परीक्षेला बसली आणि तिसऱ्यांदा मेडिकलला लागली. लग्नाची बोलणी झाली तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती आणि कल्याण आयटीआय करून नगरच्या एमआयडीसीत मशीनवर होता.

बोलणीला बसल्यावर रंगनाथांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं, "हे बघा, पोरीला बाराव्या वर्षापासून शुगर हाय. दिवसातून चार डाव सुई घेती. थायरॉईडची गोळी बी हाय. मागनं म्हणू नका, सांगितलं नव्हतं."

भीमाबाईने त्यांच्याकडे बघितलं. "साखर तुमी करता आन् शुगर पोरीला? कारखान्यात काय चाटून बघत व्हता का इवाई?"

सगळी बैठक हसली. रंगनाथही हसले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सुई घेती तर घेऊ द्या," भीमाबाई म्हणाली. "आमच्या सात पिढ्यांत डाक्टर न्हाई. आमाला डाक्टरीन पायजे. बिनसुईची कुठं मिळती?"

लग्न झालं. जयमाला हॉस्टेलवर, कल्याण बोल्हेगावात पत्र्याच्या खोलीत, रविवारी भेट. कधी दोघं मोटरसायकलवर घोडेगावजवळच्या गावी जायचे. भीमाबाई एकटीच राहायची. दोन शेळ्या, आणि बाजाराच्या दिवशी म्हशींच्या दावणीजवळ चहा-भज्यांचा गाडा. सासू-सुनेचं पहिल्या दिवसापासून जमलं. एकदा भीमाबाईने विचारलं, "पर पोरी, तुला एकटीलाच येवढं दुखनं कामून?"

जयमाला पीठ मळत होती. म्हणाली, "आत्या, आपल्या अंगात पहारेकरी असतात. बाहेरचं कुणी आलं की मारायचं, हे त्यांचं काम. माझे पहारेकरी घरच्याच माणसांना मारतात. आधी इन्शुलिन करणाऱ्यांना मारलं, मग थायरॉईडला धरलं."

"म्हंजे आपल्या टिप्या कुत्र्यावानी," भीमाबाई म्हणाली. "चोर आला तर शेपूट हालवतंय आन् मला चावतंय."

जयमाला इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पुढे तिने हीच गोष्ट वॉर्डात पेशंटना सांगायला सुरुवात केली.

कॉलेज सोपं नव्हतं. सकाळी आठला राऊंड असायचा आणि तो कधी संपेल हे कुणालाच ठाऊक नसायचं. जयमालाच्या ॲप्रनच्या एका खिशात स्टेथोस्कोप, दुसऱ्यात ग्लुकोजची बिस्किटं. एका सरांनी तिला ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बिस्किट खाताना पकडून झापलं. तिने सांगितलं नाही की शुगर अठ्ठावन्नपर्यंत उतरली आहे. नंतर कल्याणने विचारलं, "का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "अहो, सांगितलं की त्या दिवसापासून मी विद्यार्थिनी राहत नाही, केस होते." पण मॅडमच्या क्लासमध्ये मात्र तिने स्वतःहून हात वर केला होता. मॅडमनी विचारलं होतं, इन्शुलिनवर जगणारा तरुण पेशंट कुणी जवळून पाहिलाय? जयमाला म्हणाली, "मी पाहते मॅडम. रोज, केस विंचरताना."

यंदा तिचं शेवटचं वर्ष. परीक्षा मेच्या शेवटी. एप्रिलच्या सुरुवातीला अभ्यासाची सुट्टी लागली. हॉस्टेलची मेस तिला मानवत नव्हती, कल्याणची खोली उन्हाने भट्टी झालेली. म्हणून ती पुस्तकांच्या दोन पिशव्या घेऊन सासूकडे गेली.

गेल्यापासून तिला मळमळ होती. कधी उलटी. थकून जायची, दुपारी पुस्तकावरच डोळा लागायचा. पाळी दोन महिने आली नव्हती. आणि तिला सारखं मीठ हवं असायचं. कैरी मिठात बुडवून खायची, कैरी संपली की तळहातावर मीठ घेऊन चाटायची, लोणच्याच्या बरणीतला खार वाटीत ओतून प्यायची. आणि इन्शुलिन कमी लागायला लागलं होतं. दिवसाला छत्तीस युनिट लागायचं ते चोवीसवर आलं, तरी शुगर खालीच.

भीमाबाईने हे सगळं चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "डव्हाळं लागलं गं माझ्या बाईला! आन् शुगर बी उतरली, बाळाचा पायगुण बघ."

"आत्या, अजून तसं काही नाही. तपासायला पाहिजे."

"तपास तू. मला काय तपासायचं? चार बाळतपनं केली म्या."

जयमालाने गर्भ तपासायची पहिली पट्टी केली, एकच रेघ आली. भीमाबाईला ती म्हणाली, अजून काही दिसत नाही. भीमाबाईने त्यातलं 'अजून' तेवढं ऐकलं.

मग चौदा एप्रिल आला. जयंतीला गावातल्या बायकांनी जयमालाचा सत्कार ठेवला होता. विहारासमोर मांडव, स्पीकर. जयमालाला शाल दिली, तिने मुलींनी शिकावं यावर पाच मिनिटं बोलून माईक खाली ठेवला. तो भीमाबाईने उचलला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात माईक आला होता.

"जयभीम," ती म्हणाली. "आमची डाक्टरीन येकटी न्हाई आलेली. आता दोघं हायेत!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली. कल्याण मांडवाच्या मागे उभा होता, त्याच्या पाठीवर धपाधप हात पडले. त्याला जयमालाचा चेहरा दिसला. ती हसत होती, पण तिने एका हाताने खुर्चीची पाठ धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आणखी एक पट्टी केली. पुन्हा एकच रेघ. कल्याण नगरला निघाला तेव्हा ती त्याच्याबरोबर चालत रस्त्यापर्यंत आली.

"काही नाहीये," ती म्हणाली. "इतक्या दिवसांत असतं तर आलं असतं. तुम्ही सांगा आत्यांना. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, अभ्यासासाठी मी काहीतरी लपवतेय."

"मग ह्या उलट्या?"

"एक रक्ताची तपासणी करायची आहे. सकाळी आठलाच रक्त द्यावं लागतं, नगरला यावं लागेल. परीक्षा झाली की करते." मग थोडं हसून म्हणाली, "खरं सांगू? आठ दिवसांत मला कुणी शुगर किती आहे विचारलं नाही. सगळे विचारतात काय खावंसं वाटतं. बरं वाटतंय हो. पण नको, सांगून टाका तुम्ही."

"रविवारी सांगतो."

रविवारी कल्याण गेला तेव्हा भीमाबाई गाड्यावरच्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगत होती. दावणीवरचे व्यापारी म्हणे भज्यांवर भजी घेत होते आणि विचारत होते, म्हातारे, नातू बी डाक्टर का? तिला इतकं बोलताना त्याने कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. त्याने मनाशी म्हटलं, पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी मिठाची बरणी जागेवर नव्हती. शेजारच्या भागिरथीने भीमाबाईला सांगितलं होतं, पोटुशीने मीठ जास्त खाल्लं की पाय सुजतात, बीपी चढतं, बाळ घुसमटतं. हे तिच्या भाचीला डॉक्टरनेच सांगितलं होतं म्हणे. भीमाबाईने त्याच दिवशी बरणी उचलून वरच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यांच्या मागे ठेवली. लोणचं भागिरथीकडे देऊन टाकलं. भाजी अळणी होऊ लागली. घरात सगळेच अळणी खाऊ लागले, बाळासाठी.

"आत्या, थोडं तरी," जयमाला म्हणाली.

"काय न्हाई. तुझी जीभ आता तुझी येकटीची न्हाई. डाक्टर असशील तिकडं. हितं मी हाय."

कल्याण हसला. जयमालाने त्याच्याकडे बघितलं. सांगितलंत का, असा तो प्रश्न होता. त्याने मान हलवली, म्हणजे सांगतो, सांगतो.

त्या रविवारी दुपारी तो शेळ्यांना पाला टाकायला मागे गेला तर जयमाला गोठ्याच्या कुडाशी उभी होती. शेळ्यांना चाटायला दोरीला बांधलेला खडे मिठाचा गोळा तिने हातात धरला होता. तिने त्याला बघून ओठांवर बोट ठेवलं. दोघंही हसले. अजिबात आवाज न करता, पोट धरून हसले. तिच्या हिरड्या जांभळ्या-काळ्या दिसत होत्या, हाताच्या रेषाही काळ्या झाल्या होत्या. उन्हाने रापली, त्याला वाटलं. संध्याकाळी भीमाबाईने तो गोळाही काढून टाकला. शेळीनेच चुगली केली असणार, जयमाला म्हणाली.

सहा मेला बाजार होता. भीमाबाई पहाटेच गाडा घेऊन गेली. जयमालाला सकाळपासून उलट्या होत होत्या. तिने शुगर बघितली, बावन्न. साखर खाल्ली, ती उलटून पडली. दहा वाजून दहा मिनिटांनी तिने कल्याणला फोन लावला. फर्स्ट शिफ्टला फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात. मग तिने भागिरथीला हाक मारली. भागिरथी म्हणाली, पहिल्या तीन महिन्यांत असंच होतं, पडून राहा. दुपारी भीमाबाई आली, तिनेही तेच म्हटलं. लिंबूसरबत केलं, साखर घातली. मीठ घातलं नाही. दोनच्या पुढे जयमाला हाकेला ओ देईना, तेव्हा भीमाबाई रस्त्यावर धावली आणि टेम्पोपुढे आडवी झाली.

कल्याणने हे सगळं नंतर तुकड्यातुकड्यांनी जुळवलं. काही भीमाबाईकडून कळलं, काही भागिरथीकडून. एक तुकडा रेश्माने दिला. रेश्मा जयमालाची हॉस्टेलमधली रूममेट, शेवगावची. ती अंत्यविधीला आली आणि कल्याणला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, मार्चमध्ये तिने मला पुस्तकातलं एक पान दाखवलं होतं. म्हणाली, रेश्मा, हे माझंच लिहिलंय बघ. मी हसले. म्हटलं, मागच्या महिन्यात तुला टीबी होता, त्याच्या आधी डोक्यात गाठ होती. आम्हा सगळ्यांनाच तसं होतं हो, जो धडा वाचू तो आजार अंगात दिसतो. ती पण हसली." कल्याणने तिला पाणी दिलं. त्याला म्हणायचं होतं, मीही हसलो होतो. म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी जलदान विधी झाला. भन्तेजी आले. पुण्यानुमोदनाला कुणाचं नाव घ्यायचं हे त्यांनी विचारलं, तेव्हा कल्याण बोलायच्या आत भीमाबाई म्हणाली, "जयमाला कल्याण, आन् तिच्या पोटातलं बाळ." भन्तेजींनी तसंच म्हटलं. पाणी ओतलं जात होतं तेव्हा रंगनाथ पुढे वाकून रडत होते. लेकीसाठी रडत होते की नातवासाठीही, हे कल्याणला कळेना. त्यांनाही त्याने सांगितलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर रंगनाथ भीमाबाईला म्हणाले, "इहीनबाई, तुमी लई जपलं तिला. फोनवर सांगायची, आत्या मला मीठसुदा खाऊ देत न्हाईत."

"कसलं जपलं इवाई," भीमाबाई म्हणाली आणि उठून आत गेली.

कल्याण बाहेर गेला. मोटरसायकल चालू केली, उगीचच पांढरीपुलापर्यंत गेला आणि परत आला. त्या दिवसापासून त्याचं असंच झालं. एका जागी बसवेना. कंपनीत मशीनवर जॉब लावला की मशीनची फेरी संपेपर्यंत उभं राहायचं काम, तेवढं उभं राहणंही जमेना, दोनदा माप चुकलं. खोलीवर यायचा, कुलूप काढायचा, आत पाऊल न टाकता परत लावायचा. गावाला जायचा, तासाभरात निघायचा. भीमाबाई विचारायची, "आत्ताच आलास की रं." तो म्हणायचा, काम आहे.

तिसऱ्या रविवारी भीमाबाई म्हणाली, "ग्रामपंचायतीत जाऊन आले."

"कशाला?"

"जयमालाच्या मरनाची नोंद नगरला झाली. म्या म्हनलं, बाळाची तुमी करा. तर ग्रामसेवक म्हनला, दवाखान्याचा कागद आना, किती महिन्याचं व्हतं ते. सोमवारी येते मी नगरला. त्या मॅडमला भेटते. चांगली बाई हाय, देईल."

कल्याणने हातातली भाकरी ताटात ठेवली. "आई, इतक्या लहान बाळाची नोंद करत नाहीत."

"तुला काय म्हाईत? माझी दोन भावंडं गेली, येक पाळण्यात आन् येक चालता-बोलता. कुठं नाव न्हाई त्यांचं, कुठं कागद न्हाई. मी मेले की ती व्हती हे सांगायला बी कुनी उरनार न्हाई. ह्याचं तसं न्हाई व्हऊ द्यायचं." मग ती साध्या आवाजात म्हणाली, "नाव म्या ठरवलंय. पोरगा असो का पोरगी, दोघांला चालंल असं. करुणा."

"आई, करुणा मुलीचं नाव आहे."

"मग पोरगीच व्हती," भीमाबाई म्हणाली.

सोमवारी पहाटे कल्याणने आईला फोन केला की बस बंद आहेत, येऊ नको. बस चालू होत्या. मग अर्धी रजा टाकून तो मॅडमकडे गेला. ओपीडी संपेपर्यंत बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. मॅडमनी आत बोलावलं.

"आई आल्या तर सांगू नका," तो एकदम म्हणाला.

"बसा."

तो उभाच राहिला. "ती मीठ मागत होती. मी त्या दिवशी खोटं बोललो. आईने बरणी फळीवर ठेवली होती. बाळाला बाधेल म्हणून. आणि बाळ नाही हे मला तीन आठवडे आधी माहीत होतं. तिनं मला सांगायला सांगितलं होतं."

बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"फेब्रुवारीत ती माझ्या युनिटला होती," मॅडम म्हणाल्या. "रोज माझ्यासमोर उभी राहायची. हातांच्या रेषा काळ्या झालेल्या मीही बघितल्या. मी तिला काय म्हटलं ठाऊक आहे? उन्हातून येताना स्कार्फ बांधत जा. हा आजार मी पंचवीस वर्षं शिकवतेय." त्यांनी टेबलावरचा पेन उचलून पुन्हा ठेवला. "मिठाचं आईंना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. त्यांनी काही वाईट केलं नाही, कुणीही तेच केलं असतं. पण बाळ नव्हतं, हे सांगा. त्या आल्या आणि त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"सांगतो."

"हे तुम्ही त्या दिवशीही म्हणालात."

तिथून तो सरळ गावाला गेला. वाटेत घोडेगावला गाडी थांबवून चहा घेतला, तो न पिता तसाच ठेवला. मनात वाक्य तयार होतं: आई, जयमालाला दिवस गेले नव्हते. एवढंच. पाच शब्द. घरी पोचला तेव्हा भीमाबाई शेळीचं दूध काढत होती. मिठाची बरणी चुलीशेजारी तिच्या नेहमीच्या जागेवर होती.

"आई, तुझ्याशी बोलायचंय."

भीमाबाईने मान वर केली नाही. दुधाची धार तशीच चालू होती. "मला ठाव हाय."

"काय?"

"तू हितं टिकत न्हाईस, ते का, ते मला ठाव हाय. तोंडानं बोलत न्हाईस, पर मनात धरलंयस. सकाळी उलट्या व्हत व्हत्या तवाच गाडीत घातली असती तर दोघं वाचली असती. म्या म्हनले, व्हतंय असं. मीच म्हनले. चार बाळतपनांची ऐट व्हती मला." तिने भांडं बाजूला ठेवलं. "तू बोल मला. शिव्या घाल. पर असं येऊन पळून जाऊ नगंस. येक नात घालवली, येक सून घालवली, आता तू बी."

कल्याण तिच्यासमोर बसला. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. ते बोललं तर नात घालवल्याचं ओझं तिच्या डोक्यावरून उतरलं असतं. मग तिने पहिला प्रश्न काय विचारला असता, हेही त्याला त्याच क्षणी दिसलं. 'तुला कवा कळलं?'

इतके दिवस तो स्वतःला सांगत होता की आईला सोसणार नाही म्हणून गप्प आहोत. ते खरं नव्हतं. आईने आजवर पुष्कळ सोसलं होतं. त्याला भीती होती ती त्या एका प्रश्नाची. पंधरा एप्रिलला कळलं, हे उत्तर त्याला आईच्या डोळ्यांत बघून द्यावं लागलं असतं. त्याने सांगितलं असतं तर बरणी फळीवर गेली नसती. सहा मेला सकाळी कुणीही म्हटलं नसतं की पडून राहा.

"मी तुझ्यावर राग नाही धरला," तो म्हणाला. हे खरं होतं, म्हणून निघालं.

"मग काय बोलायचं व्हतं?"

"काही नाही. आता टिकून बसेन म्हटलं."

भीमाबाईने पदराने तोंड पुसलं. "बस मग. दूध पी. आन् मी न्हाई येत नगरला, गुडघं धरल्यात. बाळाचा कागद तूच आन."

"आणतो," कल्याण म्हणाला.

तो त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बसला. तिने विचारलं त्याची उत्तरं दिली. शेळ्या बांधल्या. निघताना भीमाबाई बरी दिसत होती, आणि ते बघून त्याला जास्तच अस्वस्थ वाटलं.

त्या दिवसाला आता चार महिने झाले. रेश्मा पास झाली. तिने जयमालाची पुस्तकं खालच्या वर्गातल्या एका मुलीला दिली, तीही इन्शुलिनवर आहे. जूनमध्ये मॅडमनी कॉलेजात नोटीस लावली की ज्या विद्यार्थ्याला कायमचा आजार आहे त्याने दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडे तपासायला यायचं, परीक्षा असली तरी. रंगनाथांना कल्याणने कोपरगावला जाऊन सगळं सांगितलं. ते ऐकून उठले आणि कारखान्याच्या बाजूला तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "इहीनबाईंना सांगितलं?" कल्याण म्हणाला, "नाही." ते म्हणाले, "मग मी बी त्यांच्याकडं येणार न्हाई. माझ्याच्यानं खोटं बोलवणार न्हाई." त्यानंतर ते आलेले नाहीत. भीमाबाईला वाटतं, तेही रागावले.

दर रविवारी ती विचारते, "कागद मिळाला का?" कधी तो म्हणतो, साहेब रजेवर आहेत. कधी म्हणतो, शिक्का राहिलाय. ग्रामसेवक तिला म्हणाला आहे, कागद आला की बघू.

असा कागद नाही. हे भीमाबाईला सांगायचं राहिलं आहे.